बाळनाथची हजेरी

लग्नकार्यात ओळखपाळख होताना मी कंपनी सेक्रेटरी आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस विचारायचा, "टायपिंग चांगलं असेल ना तुमचं?" तीस वर्षं हे ऐकून शेवटी शेवटी मी नुसतं "हो" म्हणायला लागले. टायपिंग माझं चांगलंच आहे. पण माझं काम वेगळं होतं. गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. जिना इतका अरुंद की जाडजूड माणूस अंग आडवं करून चढायचा. तिथं बसून मी लहान लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचे कागद सांभाळायचे. कोण संचालक झाला, कोण गेला, बैठक कधी झाली, त्यात काय ठरलं, हे लिहून ठेवायचं आणि वेळेत सरकारला कळवायचं, हा माझा धंदा.

'प्रायव्हेट' या शब्दानं लोकांचा फार गोंधळ व्हायचा. सिल्लोडहून मक्याचे एक व्यापारी आले होते. कंपनी काढायची म्हणाले. कमीत कमी दोन संचालक लागतात म्हटल्यावर म्हणाले, "मग बायकोला घ्या. पण तिला कळू द्यायचं नाय. प्रायव्हेट आहे ना आपली कंपनी?"

मी म्हटलं, "त्यांची लेखी संमती लागेल."

"त्याचं काय लई अवघड नाय. कोऱ्या कागदावर सही घेऊन येतो."

मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. दोन दिवसांनी त्यांची बायको एकटीच जिना चढून आली, चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला आणि म्हणाली, "यात दोघांतलं मोठं कोण असतं? तिथं माझं नाव टाका."

तर प्रायव्हेट म्हणजे गुपित नव्हे. अशा कंपनीचे शेअर बाजारात विकत मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मालकी घरातल्यांत, मित्रांत, फार तर दोनशे माणसांत राहते आणि नवा माणूस आत घ्यायचा तर आतल्यांनी दार उघडावं लागतं. बाकी कायद्याच्या दृष्टीनं कंपनी हे एक वेगळं माणूसच. तिला नाव असतं, पत्ता असतो, तिच्या नावावर जमीन असते. ती काढणारी माणसं मेली तरी ती मरत नाही. तोंड मात्र तिला नसतं. तिला जे बोलायचं ते संचालकांच्या बैठकीत ठरतं, आणि जे आठवायचं ते तिच्या रजिस्टरांत असतं. रजिस्टरात लिहिलं ते घडलं, नाही लिहिलं ते घडलं नाही. मी हे नव्या अशिलांना मोठ्या ऐटीत सांगायचे. एका कंपनीनं ती ऐट उतरवली.

तिचं नाव भागाई प्लास्ट प्रायव्हेट लिमिटेड. सर्जेराव आणि बाळनाथ या दोन सख्ख्या भावांची. भागाई हे त्यांच्या आईचं नाव. घर मूळचं पिशोरकडचं, मेंढरं राखणारं. सर्जेराव लहानपणीच शहरात कामाला आले, पत्रा कापायच्या एका प्रेसवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तरी तिथंच राहून काम शिकले आणि मग धाकट्याला आणलं. चिकलठाणा एमआयडीसीत एक शेड घेऊन दोघं ठिबकच्या नळ्यांचे सांधे बनवायचे. सर्जेराव गिऱ्हाईक बघायचे, बाळनाथ मशीन. बाळनाथ शाळेत गेलेला नव्हता. पण मशीनवर नुसता हात ठेवून तो कुठलं बेअरिंग जाणार आहे ते सांगायचा.

लहान कंपन्यांच्या बैठका खरं म्हणजे कधी होत नाहीत. नवराबायको किंवा बापलेक घरात बोलतात आणि आम्ही ऑफिसात बसून 'बैठक झाली' असं लिहितो. या धंद्यातलं हे उघडं सत्य आहे. या दोन भावांनी मात्र माझं सांगणं शब्दशः घेतलं. दर तीन महिन्यांनी, सकाळी अकराला, ते शेडच्या कोपऱ्यातल्या केबिनीत समोरासमोर बसायचे, हजेरीपुस्तकात सह्या करायचे, चहा मागवायचे आणि एकमेकांशी 'तुम्ही'नं बोलायचे. बाळनाथला सही करायला वेळ लागायचा. आपलं नाव तो एकेक अक्षर कोरून काढायचा. त्यातला 'ळ' वेगळाच होता, दोन्ही गाठी खाली ओढलेल्या, मेंढीच्या कानांसारख्या.

एका हिवाळ्यात बाळनाथ मोटरसायकलवरून गावाकडं निघाला. भावकीतल्या लोकांनी डोंगरापलीकडं मेंढरं बसवली होती, त्यांना भेटून संध्याकाळी परत येणार होता. तो तिथं पोचलाच नाही. घाटातल्या एका वळणावर मोटरसायकल सापडली. स्टँडवर नीट लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, किल्ली गाडीलाच. पोलिसांनी शोधलं, जंगलखात्याच्या लोकांनी शोधलं, आणि त्या डोंगराचा दगड अन् दगड माहीत असलेल्या मेंढपाळांनी पंधरा दिवस शोधलं. काही मिळालं नाही.

महिन्याभरानं सर्जेराव माझ्याकडं आले. दाढी वाढलेली. बसले नाहीत.

"मॅडम, बाळूची खुर्ची किती दिवस राहती?"

मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. संचालक सलग बारा महिने एकाही बैठकीला आला नाही, तर त्याचं पद आपोआप जातं.

"कुणी काढावं लागत नाय?"

"नाही. कायद्यानंच जातं."

"अन् मधी एखाद्या बैठकीला आला तर?"

"तर तिथून पुढं पुन्हा बारा महिने मोजायचे."

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले. संक्रांतीनंतर त्यांची ठरलेली बैठक होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीपुस्तक माझ्याकडं पाठवलं. त्यात दोन सह्या होत्या. वरची सर्जेरावांची, तीन बोटांत पेन धरून केलेली, जाड आणि थरथरती. खालची बाळनाथची.

मी तडक शेडवर गेले. सर्जेराव केबिनीत होते.

"हे कोणी केलं?"

"मी नाय केलं," ते म्हणाले. "बिरोबाची आण. काल मी सवयीनं दोन चहा सांगितले. चहा आला. तेवढ्यात तिकडं एक मशीन बंद पडलं म्हणून बाहेर गेलो. पंधरा मिनिटांनी आलो तर पुस्तक उघडं होतं. माझ्या सहीखाली त्याची सही होती. शाई ओली होती, मॅडम. माझं बोट लागलं, हे बघा." 'थ'च्या कडेला खरंच शाई पसरली होती. "अन् त्याच्या पुढ्यातला कप रिकामा होता."

वॉचमनला विचारलं. फाटकातून कोणी आलं नव्हतं. मी सर्जेरावांकडून दहा वेळा ते नाव लिहून घेतलं. त्या तीन बोटांना तो 'ळ' काढता येत नव्हता.

इथं माझी चूक झाली. त्या दिवशी मी पुस्तकावर काट मारायला हवी होती. एकट्या संचालकाची बैठक होत नाही, म्हणजे काल इथं काहीच घडलेलं नाही, असं सांगून मी निघून यायला हवं होतं. पण सर्जेराव माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ती मला सोसवली नाही. मी वृत्तांत लिहून दिला. 'दोन्ही संचालक उपस्थित.'

चैत्रातल्या बैठकीनंतर पुस्तक पुन्हा आलं. पुन्हा दोन सह्या.

तेव्हा मात्र मी सांगितलं, पुढच्या बैठकीला मी स्वतः बसणार, नाहीतर तुमचे कागद दुसरीकडं न्या. सर्जेराव म्हणाले, "या की. त्यालाबी बरं वाटंल."

पावसाळ्यातली सकाळ होती. शेडमध्ये मशीनं चालू होती आणि वितळलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास केबिनीत भरला होता. टेबलाच्या एका बाजूला सर्जेराव, समोर रिकामी खुर्ची, मी भिंतीला लागून स्टुलावर. दोन चहा टेबलावर आले, तिसरा माझ्या हातात. सर्जेरावांनी सही केली, पुस्तक समोर सरकवलं, पेन त्यावर आडवं ठेवलं आणि बैठक सुरू केली. एक विषय सांगायचे, आपलं मत द्यायचे, मग थांबायचे. मान किंचित तिरकी करून ऐकायचे. मग "बरं," म्हणून पुढचा विषय. त्यांच्या चेहऱ्यावर वेडाचं काही नव्हतं. कामात असलेल्या माणसाचा चेहरा होता. पहिल्या दोन विषयांना मी खुर्चीकडं बघायचं टाळलं. तिसऱ्या विषयाला ते थांबले तेव्हा मीही थांबले होते, आणि ऐकत होते.

तासाभरानं बैठक संपली. पुस्तकात एकच सही होती. कप भरलेला, वर साय धरलेली. मला सुटल्यासारखं वाटलं. ही बैठक धरता येणार नाही असं सर्जेरावांना सांगून मी ऑफिसात परत आले.

दुपारी मी माझी वही उघडली. बैठकीत मी सवयीनं टिपणं काढायचे, कोण काय म्हणालं ते नावासकट. सर्जेरावांची मतं ओळीनं लिहिलेली होती. तिसऱ्या विषयाखाली, माझ्याच अक्षरात, एक ओळ जास्त होती. 'बाळनाथ – तीन नंबरच्या मशीनची खालची डावी दांडी तपासावी. तोवर मशीन बंद.'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग सर्जेरावांना फोन केला.

"मशीनच्या दांडीबद्दल तुम्ही काही बोललात का?"

"नाय," ते म्हणाले. "मी बोललोच नाय त्याबद्दल. का?"

मी ओळ वाचून दाखवली. पलीकडं फक्त मशीनांचा आवाज येत होता. मग तो हळूहळू कमी झाला, एक मशीन बंद केल्यासारखा.

"तुम्ही लिहिलंय म्हणजे ऐकलं असंल," सर्जेराव म्हणाले.

प्लास्टिकच्या मशीनमध्ये साच्याचे दोन भाग प्रचंड दाबानं एकमेकांवर बसतात, आणि चार जाड लोखंडी दांड्या तो दाब धरून ठेवतात. फिटरनं दोन दिवसांनी खालची डावी दांडी काढली. मधोमध केसाएवढी चीर होती, बोटभर आत गेलेली. ती तुटली असती तर मशीनवर उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर आली असती. त्या मशीनवर तेव्हा मंदाबाई काम करायच्या. बाळनाथची बायको.

मी स्वतःला असं सांगते, की त्या दिवशी मी शेडमधून केबिनीकडं जात असताना फिटर कुणाशी तरी बोलत असेल, ते माझ्या कानावर पडलं असेल आणि हातानं लिहून टाकलं असेल. फिटरला मी विचारलं होतं. त्याला चिरेचा पत्ताही नव्हता. तरी मी स्वतःला तसंच सांगते.

यातून वाट काढायला मी सुचवलं, तिसरा संचालक घ्या. संचालक व्हायला शेअर असावेच लागतात असं नाही. बाळनाथची खुर्ची राहू द्या, पण मंदाबाईंना घ्या, म्हणजे दोन खरी माणसं बैठकीला बसतील. सर्जेराव अवघडले. त्यांच्या घरी थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी थेट बोलत नसत. शेवटी म्हणाले, "तिला विचारा. ती व्हय म्हणली तर माझी ना नाय."

मंदाबाई भर दुपारी माझ्या ऑफिसात आल्या. तिशी ओलांडलेली, काटक बाई. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मी संमतीचा फॉर्म वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवलं, माझ्या हातून घेतला आणि स्वतः वाचला. "सातवी शिकलेय मी," म्हणाल्या. मग पेन घेऊन पूर्ण सही केली. मंदा बाळनाथ आणि पुढं आडनाव.

मी त्या सहीतल्या 'बाळनाथ'कडं बघितलं. 'ळ'च्या दोन्ही गाठी खाली ओढलेल्या होत्या.

मी कपाटातून हजेरीपुस्तकाची प्रत काढून शेजारी ठेवली. मंदाबाईंनी ती बघितली आणि पदर सावरला.

"त्यांना सही मीच शिकवली होती, मॅडम," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तवा ते अंगठा लावायचे. दुपारी मेंढरांमागं बसून मातीत काडीनं शिकवलं. माझं अक्षर तेच त्यांचं अक्षर."

"म्हणजे या सह्या तुमच्या?"

"चैताची माझी." त्यांनी बोट ठेवलं. "सकाळी केबिन झाडायला मीच जाते. पुस्तक टेबलावर काढून ठेवलेलं होतं. दादांच्या सहीची जागा वर सोडली अन् खाली केली."

"का केलीत?"

"त्यांचं नाव तिथून गेलं असतं तर घरी सगळे म्हणाले असते, आता बांगड्या उतरव. सासूबाई वाटच बघत होत्या. पुस्तकात ते येतायत तवर मला कुणी काय म्हणू शकत नव्हतं."

"आणि संक्रांतीची?"

"ती माझी नाय."

मी संक्रांतीच्या सहीवर बोट ठेवलं. त्यांनी नजर हलवली नाही.

"त्या दिवशी मी पिशोरला होते, मॅडम. बिरोबाच्या देवळात. दादा बैठकीसाठी मागं राहिले, बाकी आख्खी भावकी जमली होती. त्यांचं काय झालं ते देवाला विचारायला बसलो होतो. सकाळी अकराचा टाइम. पन्नास माणसांनी मला बघितलंय."

"मग? देवानं काय सांगितलं?"

"देवऋषी म्हणला, त्याला इथं काय शोधता. तो कामावर गेलाय." मंदाबाईंनी प्रत जवळ ओढली. "घरी आले तर दादांनी पुस्तक दाखवलं. मी त्याच्यावर हात ठेवून बघितला. मला माझं अक्षर कळतं. अन् मी न काढलेलं माझं अक्षरबी कळतं."

खाली दुकानात कुणीतरी कापड टरकन फाडलं आणि मी दचकले. त्या दचकल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं त्या केबिनीत बसलो. मी सर्जेरावांना सगळं सांगितलं. ते भावजयीवर चिडतील असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त माझ्याकडं बघून विचारलं, "तिला विचारा, संक्रांतीची नक्की तिची नाय?"

मंदाबाईही माझ्याकडंच बघून म्हणाल्या, "दादांना सांगा, नाय."

"आणि तुमचीही नाही?" मी सर्जेरावांना विचारलं.

"तुम्ही माझी बोटं बघितलीत," ते म्हणाले.

रजिस्टरातली नोंद खोटी ठरवायची तर ती खोटी आहे असं कुणीतरी म्हणावं लागतं. चैत्रातल्या सहीबद्दल मंदाबाईंनी तसं लिहून दिलं. मी तिच्यावर लाल रेघ मारली, शेजारी कारण लिहिलं, तिघांनी सही केली. संक्रांतीच्या सहीवर मी रेघ मारायला पट्टी ठेवली आणि दोघांकडं बघितलं. ती खोटी आहे असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. मी पट्टी उचलून घेतली. इथं मी नियम माहीत असून मोडला, आणि तो बरोबर मोडला की चूक, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर बाळनाथ कुठल्याच बैठकीला आला नाही. संक्रांतीपासून बारा महिने मोजून त्याचं पद कायद्यानं गेलं. मंदाबाई संचालक म्हणून बसू लागल्या. पहिली दोन वर्षं दीर-भावजय माझ्यामार्फत बोलले, मग एकदा माल परत आला तेव्हा भांडताना थेट बोलले, आणि त्यानंतर मी बैठकीला जायचं सोडलं. मध्यंतरी शहराचं नाव बदललं. शेड जागची हलली नाही, पण मी तिचा पत्ता, पाटी, शिक्के सगळं बदलून घेतलं.

बाळनाथचे शेअर अजून त्याच्याच नावावर होते. ते मंदाबाईंच्या नावावर करायचे तर तो मेला आहे असं कुणीतरी सांगायला हवं होतं. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कोर्ट धरून चालतं. सात वर्षं भरल्यावर सर्जेरावांनीच अर्जाचं काढलं. मंदाबाई हो म्हणाल्या. निकाल आला तेव्हा मी निवृत्त होऊन ऑफिस आवरत होते. तेवढं एक काम पुरं करायचं म्हणून आदेशाची प्रत घेऊन मी शेडवर गेले.

मंदाबाई मशीनवर होत्या. हात पुसत बाहेर आल्या. मी आदेश वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला.

"कवा गेले, ते लिहिलंय का त्यात?"

"नाही," मी म्हटलं. "कोर्ट फक्त आज तो नाही एवढं सांगतं. कधी गेला, ते ठरवत नाही. ज्याला ते हवं असेल त्यानं पुराव्यानं सिद्ध करायचं."

"म्हणजे त्या संक्रांतीला असतीलबी."

"असतील. किंवा नसतील. कायद्याला माहीत नाही."

"बरं झालं," मंदाबाई म्हणाल्या. आदेशाची घडी घालून त्यांनी ती कमरेला खोचली, आणि मशीन थांबलंय म्हणून आत निघून गेल्या.